प्रस्तावना : कोणता गुडघा बसवायचा?

गुडघे बदलायचे ठरले की घरात दोन प्रश्न निघतात. शस्त्रक्रिया कोणाकडे करायची, हा पहिला. दुसरा अलीकडे तितक्याच हिरिरीने विचारला जातो : सांधा कोणत्या कंपनीचा घ्यायचा? वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, रस्त्याकडेचे फलक आणि मोबाइलवर येऊन पडणारे व्हिडिओ या दुसऱ्या प्रश्नाला खतपाणी घालतात. सोनेरी गुडघा, हाय-फ्लेक्स गुडघा, बायकांसाठी खास गुडघा, रोबोने बसवलेला गुडघा, तीस वर्षे टिकणारा गुडघा. जिच्या पायात तो बसायचा असतो ती आई मात्र एवढेच म्हणते, ‘‘मला खाली बसता येईल का, तेवढं विचारा.’’

हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. निष्कर्ष शेवटपर्यंत झाकून ठेवावा असा हा विषय नाही, म्हणून तो इथेच सांगून टाकतो. दीर्घकाळ वापरात असलेल्या आणि ज्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत अशा सांध्यांमधला फरक जाहिरातींवरून वाटतो त्यापेक्षा पुष्कळच कमी आहे. जो फरक खरोखर आहे, तो कॅटलॉगमध्ये सापडत नाही. हजारो रुग्णांचे पुढे काय झाले हे वर्षानुवर्षे टिपून ठेवणाऱ्या नोंदवह्यांमध्ये तो सापडतो. मग रचनांची तुलना करायचीच कशाला? कारण कशाची तुलना करायची आणि कशाची नाही हे न कळल्यामुळे कुटुंबे नको तिथे पैसे घालतात आणि हवे ते विचारायचे राहून जाते.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. गुडघा बदलणे म्हणजे अख्खा सांधा उपटून दुसरा लावणे नव्हे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा यांवरचा झिजलेला थर कापून काढतात. त्याची जाडी साधारण आठ-दहा मिलिमीटर असते. मांडीच्या हाडाच्या टोकावर गुळगुळीत धातूचे वक्र आवरण बसते, नडगीच्या माथ्यावर धातूची थाळी बसते आणि दोहोंच्या मध्ये पॉलिइथिलीनची गादी येते. गुडघ्याच्या वाटीची आतली बाजू फार झिजली असेल तर तिथेही प्लॅस्टिकची चकती लावतात; पुष्कळ सर्जन मूळची वाटी तशीच ठेवतात. हे सगळे हाडाला धरून राहते ते बहुतेक वेळा ‘बोन सिमेंट’ने, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट या अ‍ॅक्रिलिक पदार्थाने. काही वेळा सांध्याच्या खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागात हाड वाढून तो पक्का होतो. जगातला कुठलाही प्रचलित सांधा घ्या, मूळ आराखडा हाच. स्पर्धा चालते ती वक्रांच्या त्रिज्येवर, गादीच्या खोलगटपणावर, धातूवर आणि अस्थिबंधांपैकी कोणता ठेवायचा नि कोणता काढायचा यावर.

हा आराखडा एका दिवसात सुचलेला नाही. १८९० मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या सर्जनने क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा सांधा बसवला. तो जागेवर धरून ठेवायला त्याने राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लास्टर यांचे मिश्रण वापरले. क्षयाच्या जंतूंनी त्या प्रयोगाचा निकाल लावला. त्यानंतर साठेक वर्षांनी, १९५० च्या दशकात, वॉल्डियस आणि शायर्स या सर्जनांचे सांधे आले. दाराच्या बिजागरीसारखे ते एकाच अक्षावर उघडत आणि मिटत. अडचण अशी की माणसाचा गुडघा नुसता मिटत नाही. मिटताना तो घरंगळतो, घसरतो आणि थोडा वळतोही. बिजागरीला वळता येत नसल्याने तो सगळा पीळ हाडातल्या दांड्यावर येई आणि दांडा सैल होई.

वाट बदलली ती इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात. रायटिंग्टन इस्पितळात सर्जन जॉन चार्न्ली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी धातू, पॉलिइथिलीन आणि सिमेंट हे त्रिकूट जमवले होते. कॅनडाहून तिथे आलेल्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये तेच त्रिकूट गुडघ्यात आणले आणि बिजागरी टाकून दिली. दोन्ही हाडांना जोडणारा आस नाही, पृष्ठभाग तेवढे बदललेले, बाकीचे काम रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिबंधांवर सोपवलेले. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये ‘टोटल कॉन्डिलर’ हा सांधा आला. आजचे जवळपास सगळे सांधे त्याच घराण्यातले. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि अभियंते पीटर वॉकर यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन राणावत होते. मध्य प्रदेशात जन्मलेले आणि इंदूरला वैद्यकीचे शिक्षण घेतलेले हे सर्जन आपल्याकडे घरोघरी माहीत झाले ते वेगळ्या कारणाने. ऑक्टोबर २००० मध्ये आणि पुन्हा जून २००१ मध्ये त्यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा एकेक गुडघा बदलला. त्या बातम्यांनी या शस्त्रक्रियेची भीती जितकी कमी केली, तितकी कुठल्या पत्रकाने केली नसेल.

या इतिहासाला पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिले आहे, कारण प्रत्येक रचना ही आधीच्या रचनेच्या एखाद्या अपयशावर काढलेला तोडगा आहे, आणि ते अपयश माहीत असले तरच तोडग्याची किंमत कळते. टोटल कॉन्डिलरमध्ये गुडघ्यातले दोन्ही क्रूसबंध, म्हणजे एकमेकांना छेदणारे अस्थिबंध, काढून टाकत. त्यामुळे गुडघा काटकोनाच्या फार पुढे मिटत नसे आणि कधी कधी नडगी मागे सरके. १९७८ मध्ये इन्सॉल आणि बर्स्टीन यांनी गादीच्या मधोमध एक खुंटी उभी केली आणि मांडीच्या भागात तिच्याशी गाठ पडणारा आडवा दांडा दिला. गुडघा पुरेसा मिटला की दांडा खुंटीला टेकतो आणि मांडीचे हाड मागे ढकलले जाते. हा ‘पोस्टिरिअर स्टॅबिलाइज्ड’, सर्जनांच्या बोलण्यातला ‘पीएस’. दुसऱ्या पंथाने मागचा क्रूसबंध जपला आणि हेच काम त्याच्याकडूनच करून घेतले. तो ‘क्रूसिएट रिटेनिंग’, म्हणजे ‘सीआर’. तिसऱ्या पंथाला काळजी होती गादीच्या झिजेची. ऑक्सफर्डमध्ये गुडफेलो आणि ओकॉनर यांनी १९७६ मध्ये, तर न्यू जर्सीत बुशेल आणि पॅपस यांनी १९७७ मध्ये सरकती गादी आणली. गादी थाळीवर हलू शकली तर तिचा मांडीच्या भागाशी स्पर्श मोठ्या क्षेत्रावर राहील, एका बिंदूवर दाब येणार नाही, असा तो हिशेब. चौथा पंथ त्यामानाने नवा. एमआरआयने जिवंत गुडघा मिटताना पाहता येऊ लागला, तेव्हा मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की गुडघ्याची आतली बाजू जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि बाहेरची बाजू मागे जाते. त्याचेच अनुकरण करणारा तो ‘मिडिअल पिव्हट’.

कागदावर प्रत्येक पंथाचा युक्तिवाद बिनतोड आहे. रुग्णांच्या बाबतीत काय दिसले? ब्रिटनमध्ये १९९९ पासून झालेल्या एका मोठ्या चाचणीत २,३५२ रुग्ण घेतले होते. त्यांच्यातल्या काहींना सरकती आणि काहींना स्थिर गादी चिठ्ठ्या टाकून मिळाली होती. सरकत्या गादीचा अपेक्षित फायदा दिसून आला नाही. सीआर की पीएस, या वादातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही रुग्णाला जाणवेल असा ठोस फरक निघाला नाही. बायकांचा गुडघा आडव्या मापाने अरुंद असतो म्हणून २००६ मध्ये अमेरिकेत ‘जेंडर नी’ गाजावाजा करून बाजारात आला. मापांचा मुद्दा खरा होता, पण वेदना, चाल आणि समाधान यांत बायकांना त्याचा वेगळा लाभ चाचण्यांत सिद्ध झाला नाही. मापांची श्रेणी वाढवून बहुतेक कंपन्यांनी तो प्रश्न नंतर निमूटपणे सोडवला.

म्हणजे सगळे सारखेच, असे मात्र नाही. एका ठिकाणी फरक मोठा आणि खरा आहे : संपूर्ण गुडघा बदलायचा की अर्धा? झीज फक्त आतल्या बाजूला असेल आणि पुढचा क्रूसबंध शाबूत असेल तर तेवढीच बाजू बदलता येते. ५२८ रुग्णांच्या एका ब्रिटिश चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यात दोन्ही शस्त्रक्रियांचा गुण जवळपास सारखा ठरला आणि अर्ध्या सांध्याचा खर्च कमी पडला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून काढलेला अंदाज आला. संपूर्ण सांध्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात, अर्ध्यांपैकी सुमारे ७० टक्के. हे आकडे नुसते वाचले तर अर्धा सांधा कमअस्सल वाटेल. पण अर्धा सांधा दुखू लागला की तो काढून पूर्ण बसवणे सोपे असते, म्हणून सर्जन तो निर्णय लवकर घेतात. पूर्ण सांधा तितकाच दुखला तरी पुन्हा उघडायला ते कचरतात. नोंदवहीत पहिल्याची गणती होते, दुसऱ्याचे दुखणे नोंदवहीबाहेर राहते. आकडा वाचायचा म्हणजे तो कसा तयार झाला हेही वाचायचे, आणि पुस्तकाचे तिसरे प्रकरण त्यासाठीच आहे.

दुसरा खरा फरक गादीत आहे, आणि जाहिरातीत तिचे नाव सहसा नसते. सगळी चमक धातूला, सगळा घासा प्लॅस्टिकला. गादीचे सूक्ष्म कण सुटतात, शरीरातल्या भक्षक पेशी त्यांवर तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत आजूबाजूचे हाड विरघळू लागते. सांधा सैल होण्याचे ते एक मोठे कारण. १९८० च्या दशकात काही गाद्या पृष्ठभागावर उष्णतेने दाबून गुळगुळीत करत, आणि त्यांचे पापुद्रे निघाले. निर्जंतुक करण्यासाठी हवेत गॅमा किरण देत, त्याने प्लॅस्टिकचे ऑक्सिडीकरण होऊन ते खोक्यात पडल्या पडल्याच ठिसूळ होई. पुढे प्राणवायू वगळून वेष्टन करण्याची पद्धत आली, मग रेणूंचे बंध वाढवलेले ‘क्रॉसलिंक्ड’ पॉलिइथिलीन आले, काहींत ई जीवनसत्त्व मिसळले गेले. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत क्रॉसलिंक्ड गादीच्या सांध्यांना पुनर्शस्त्रक्रिया कमी लागलेली दिसते. धडा पुन्हा गिरवावा लागला तो २०२१ मध्ये. एक्झॅक्टेक या अमेरिकी कंपनीला आपल्या गाद्या परत मागवाव्या लागल्या, कारण त्यांच्या निर्वात पिशव्यांमध्ये प्राणवायू अडवणारा एक थर नव्हता. सांध्याच्या वक्रात दोष नव्हता, पिशवीत होता.

सोनेरी गुडघ्याबद्दलही इथेच बोलून घेऊ. त्यात सोने औषधालाही नसते. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यावर टायटॅनियम नायट्राइडचा थर दिला की तो पिवळाधमक दिसतो. कोबाल्ट-क्रोमियममध्ये निकेलचा अंश असतो. ज्यांना धातूची खरोखर अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी असा थर किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा सांधा विचारात घेण्याजोगा आहे. बाकीच्यांनी रंगासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता आईचा प्रश्न. खाली बसता येईल का? पंगत, पूजा, शेतातली खुरपणी, भारतीय पद्धतीचे शौचालय या सगळ्यांसाठी आपल्याला गुडघा पुष्कळ जास्त मिटावा लागतो. गुडघेबदलानंतर तो साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत मिटतो. उकिडवे बसायला त्याहून बरेच जास्त लागते. आशियातल्या या गरजेवर कंपन्यांनी काढलेले उत्तर म्हणजे हाय-फ्लेक्स. मांडीच्या हाडाच्या मागच्या कडेवरून थोडा जास्त भाग कापून गुडघा अधिक मिटू देणारी ही रचना. पण शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती मिटेल हे सर्वांत जास्त ठरते ते शस्त्रक्रियेपूर्वी तो किती मिटत होता यावर. आणि जास्त मिटण्याची किंमतही असते. २००७ मध्ये कोरियातल्या सर्जनांनी एका हाय-फ्लेक्स सांध्याचा मांडीचा भाग लवकर सैल झाल्याचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि तो प्रामुख्याने उकिडवे व गुडघे टेकून बसणाऱ्यांमध्ये दिसला होता. २०२२ च्या अखेरीस झिमर बायोमेटने ‘नेक्सजेन’ या नावाजलेल्या सांध्याची एक थाळी बाजारातून काढून घेतली. हाय-फ्लेक्स मांडीच्या भागाबरोबर ती वापरली असता पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण जास्त आहे, असे ब्रिटनच्या नोंदवहीत दिसले होते. थाळी नावाजलेल्या घराण्यातली, मांडीचा भागही त्याच घराण्यातला; जोडी मात्र जमली नाही. एकट्या सर्जनला आयुष्यभर शस्त्रक्रिया करूनही ही गोष्ट कळली नसती. हजारो रुग्ण एका वहीत आले तेव्हा कळली.

अशी पहिली राष्ट्रीय वही स्वीडनने १९७५ मध्ये उघडली. ऑस्ट्रेलियाची १९९९ पासून आणि इंग्लंड-वेल्सची २००३ पासून चालू आहे. कोणत्या रुग्णाला, कोणत्या दिवशी, कोणत्या बनावटीचा, कोणत्या बॅचचा सांधा बसला आणि तो पुन्हा केव्हा काढावा लागला, एवढीच साधी नोंद. तिच्याच आधारावर ब्रिटनमधली एक समिती सांध्यांना किती वर्षांच्या पुराव्यावर कोणती श्रेणी द्यायची हे ठरवते. आपल्याकडे खुबा आणि गुडघ्याच्या सर्जनांच्या भारतीय संघटनेने २००६ पासून नोंदणी सुरू केली. ती ऐच्छिक आहे. म्हणजे भारतात कोणता सांधा किती टिकतो याचे उत्तर आपण अजून बहुतांशी परक्या गुडघ्यांवरून काढतो. इथे सडपातळ हाडे, लहान मापे, फार उशिरा उपचाराला आल्यामुळे धनुष्यासारखे वाकलेले पाय अशी वेगळी परिस्थिती आहे. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय गुडघ्याची मापे डोळ्यांसमोर ठेवून ‘इंडस नी’ हा सांधा घडवला, तो याच जाणिवेतून. देशी सांध्यांना उद्या जगाच्या पंक्तीत बसायचे असेल तर त्यांनाही चांगल्या कारखान्याइतकीच चांगली वही लागेल.

पैशांचे प्रकरणही रचनेपासून सुटे करता येत नाही. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर किंमतमर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती, ती ५४,७२० वर आली. टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा २,४९,२५१ वरून ७६,६०० वर, हाय-फ्लेक्स १,८१,७२८ वरून ५६,४९० वर. जीएसटी वेगळा. या मर्यादेची मुदत पुढे वाढवत नेली गेली, म्हणून आजचे दर शस्त्रक्रियेपूर्वी पाहून घ्यावेत. इथे वजाबाकी करून पाहा. साधा आणि हाय-फ्लेक्स यांच्या छापील किमतींत तेवीस हजारांहून जास्त अंतर होते. प्राधिकरणाने ते १,७७० रुपयांवर आणले. रचनांच्या तुलनेवरचे इतके नेमके भाष्य मी दुसरीकडे वाचलेले नाही.

रोबोचेही थोडे. रोबो हाड किती आणि कोणत्या कोनात कापायचे यात सर्जनला मदत करतो, पण तो सांधा बनवत नाही. मात्र मोठ्या कंपन्यांचे रोबो सहसा आपापल्याच सांध्यांबरोबर चालतात. ‘मी रोबोटिक करून घेणार’ असे म्हणताना आपण बहुधा सांध्याची कंपनीही निवडून बसलेलो असतो.

या सगळ्याच्या पलीकडे एक जमीन आहे, जिथे रचना पोचत नाही. शेकडा एक-दोन गुडघ्यांत जंतुसंसर्ग होतो आणि त्यापुढे कुठलाही धातू टिकत नाही. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या नीट झालेल्यांपैकीही सुमारे पाचवा हिस्सा लोक पूर्ण समाधानी नसतात. कुणाची झीज शस्त्रक्रियेइतकी नव्हतीच, कुणाची वेदना मुळात कमरेतून येत होती, कुणाला वीस वर्षांपूर्वीचा गुडघा परत मिळेल असे सांगितले गेले होते. अस्थिबंधांचा ताण कसा जुळवला, पायाची रेषा कुठे आणली, नंतरचे व्यायाम झाले की नाही, यांचा वाटा सांध्याच्या नावापेक्षा कितीतरी मोठा. म्हणूनच सर्जनला सरावाचा आणि वर्षानुवर्षे हाताखालून गेलेला सांधा सोडून, आपण वाचलेल्या नावाचा सांधा त्याच्याकडून बसवून घेण्याचा आग्रह धरू नये.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक रचनेची मांडणी, तिच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे, आणि आकडे वाचण्याची रीत दिली आहे. ती वाचून सर्जनशी वाद घालायचा नाही; त्याला चार प्रश्न नीट विचारायचे. माझा अर्धा गुडघा बदलून भागेल का? हा सांधा आणि त्याच्या भागांची हीच जोडी किती वर्षांपासून वापरात आहे आणि कोणत्या नोंदवहीत तिचे निकाल दिसतात? गादी कोणत्या प्रकारची आहे? तुम्ही स्वतः हा सांधा किती वर्षे बसवत आहात? शस्त्रक्रिया झाली की सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यांवर बनावट आणि बॅच क्रमांक असतो, आपल्या फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि बिलावर सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. उद्या एखादा सांधा परत मागवला गेला तर तो तुमचाच आहे का, हे त्या स्टिकरवरून खात्रीने कळेल. एवढे केलेत तर जाहिरात कोणत्याही रंगाची असो, तिच्या वाटेला जाण्याची गरज तुम्हाला पडणार नाही.